दादाच्या कॉलेजसारखं कॉलेज

"पाणी कुटं हाय हितं?" आईनं शिपायाला विचारलं.

शिपाई भला माणूस. त्यानं लगेच व्हरांड्याच्या टोकाकडं बोट केलं. "तो कूलर दिसतोय का मावशी? गार पाणी हाय. ग्लास तिथंच ठेवलाय."

"प्यायचं न्हवं," आई म्हणाली. "बुडायचं. माणूस बुडंल एवढं पाणी ह्या कॉलेजात कुटं हाय, ते दाव मला."

शिपायानं आधी तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग दिनकरमामाकडं. मामानं डोक्यावरची टोपी काढली आणि परत घातली. ॲडमिशनची चौकशी करायला आलेली पोरं, त्यांचे इस्त्रीच्या कपड्यातले बाप, सगळे वळून आमच्याकडं बघायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"म्हणजे तळं, हीर, असलं काय हाय का, असं विचारतीय ती," मामानं सावरून घेतलं.

"हाय की! मागनं कॅनॉल जातोय, गोठ्याला लागून. बारमाही पाणी," शिपाई अभिमानानं म्हणाला. त्याला वाटलं, बाईला शेतीतलं कळतं.

आईनं पदर खांद्यावरून ओढून घेतला आणि सरळ फाटकाकडं चालायला लागली. ना ऑफिस बघितलं, ना होस्टेल, ना वर्ग. दिवसभर एसटीत हाडं खिळखिळी करून आम्ही तिथं पोचलो होतो, आणि वडापावसुद्धा न खाता परत फिरलो.

आता हे असं का, ते सांगितलं पाहिजे.

रणधीरदादा माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. शेतकी कॉलेजात शिकत होता, सरकारी. आणि मोठं म्हणजे किती मोठं? दादा म्हणायचा, "सायकल नसंल तर वर्गात पोचेस्तवर तास संपतोय." सुट्टीला आला की घरात दुसरा विषय नाही. जर्सी गायींचा गोठा काय, आंब्याची बाग काय, मेसमधली रविवारची आमटी काय. आबा, म्हणजे आमचे वडील, बोलणारे माणूस नव्हेत, पण तेही जेवताना हात थांबवून ऐकायचे. एकदा दादा मला तिकडं घेऊन गेला. त्याच्या खोलीत एका कॉटवर आम्ही दोघं झोपलो. एका प्रयोगशाळेत काचेच्या बरण्यांत कुठल्या कुठल्या तालुक्यांची माती भरून ठेवली होती, काळी, तांबडी, पांढरट. दादानं त्यात आमच्या वारणाकाठच्या मातीची बरणी शोधून मला दाखवली. मी तेव्हाच मनाशी ठरवलं, शिकायचं तर इथंच. दुसरं काही मला नकोच होतं.

दादा तिथंच बुडून गेला. दुसऱ्या वर्षाला, थंडीत, त्याच्या वाढदिवसाला.

वाढदिवसाला पोराला चौघांनी उचलायचं आणि शेततळ्यात टाकून द्यायचं, ही त्या होस्टेलची जुनी रीत. दरसाल कितीतरी पोरं तशी भिजली होती, हसत बाहेर आली होती. शेततळ्याला खालपासून वरपर्यंत काळं प्लॅस्टिक असतं, त्यावर शेवाळ धरतं. पाय ठरत नाही, हाताला काही लागत नाही. ज्याला पोहता येतं तो काठाकाठानं येऊन दोरी धरतो. दादाला येत नव्हतं. त्याच्यामागं उड्या टाकलेली पोरं कशीबशी स्वतः बाहेर आली.

दिवसकार्य झाल्यावर त्याचा जोडीदार संग्राम आमच्या घरी आला. आईच्या पुढ्यात बसून ढसाढसा रडला. "काकू, आम्ही विचारलं होतं हो. टाकायच्या आधी विचारलं होतं, पोहता येतं ना? तो हसला. म्हणाला, वारणाकाठचा गडी आहे मी, मला काय विचारताय?"

आईनं त्याला चहा करून दिला. तो गेल्यावर ती बराच वेळ चुलीपुढं तशीच बसून राहिली.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात माझा बारावीचा निकाल लागला. मार्क असे पडले, की दादाच्या कॉलेजात मला डोळे झाकून जागा मिळाली असती. आनंद कसा करायचा तेच मला कळेना. आबांना विचारलं. ते म्हणाले, "तुजी आई म्हणंल तसं." आणि बैलांना पाणी दाखवायला निघून गेले.

आई म्हणाली, "त्याच्यासारखं दुसरं बघ. मोठं बघ, सरकारी बघ, शेतीच शीक. पण ते न्हाई. ते नाव ह्या घरात काढायचं न्हाई."

"आई, त्याच्यासारखं दुसरं नाही गं."

"मग शेरडं राख."

मामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ, हायस्कूलला मास्तर. त्यानं चार ठिकाणी चौकशी केली. म्हणाला, कॉलेजं आहेत, पण पसंती आठवड्याभरात कळवायची. एकदा हुकलं की वर्ष गेलं. वर्ष गेलं की मी गेलो, हे मला दिसत होतं. आबांच्यानं एकट्यानं रान होत नव्हतं, आणि एकदा का मी औताला लागलो असतो, तर पुन्हा मला कॉलेजात कोण पाठवणार होतं? म्हणून आम्ही तिघं फिरायला निघालो. आई म्हणाली, मी डोळ्यानं बघितल्याशिवाय पोरगं कुठं ठेवणार नाही.

पण शेतीचं कॉलेज, आणि तिथं पाणी नको! असं कुठं असतंय? शेती म्हटली की आधी पाणी, मग बाकीचं. कॅनॉलवालं गेलं. मग आम्ही घाटापलीकडचं एक बघायला गेलो. ते बघून माझा जीव हरखून गेला. हुबेहूब दादाच्या कॉलेजसारखं. तसाच दगडी बांधकामाचा दरवाजा, दुतर्फा झाडं, लांबच्या लांब हिरवी रानं, सायकलीवरून जाणारी पोरं. मामानं माझ्या पाठीवर थाप मारली. मी मनात म्हटलं, देवा, एवढं होऊ दे.

इमारतींच्या मागं विहीर होती. चांगली रुंद, बांधीव. पोरं कठड्यावरून सूर मारत होती. आई कठड्याजवळ जाऊन उभी राहिली. मला वाटलं, आता ओरडणार, आता पोरांना शिव्या घालणार. पण ती नुसती बघत राहिली. एक काटकुळं पोरगं उडी मारून आत गेलं आणि वर येईना, तशी तिनं मामाचं मनगट असं धरलं की मामा कळवळला. पोरगं पलीकडं वर आलं, पाणी थुंकलं आणि हसलं.

पायऱ्या चढून ते वर आलं तसं आईनं विचारलं, "कुणी शिकवलं रं तुला?"

"बानं. लई बारका होतो तवा."

"आन आईनं येऊ दिलं?"

"आईला इचारतंय कोण, काकू!" पोरगं म्हणालं, आणि सगळी पोरं खदखदून हसली.

आई हसली नाही. "चला," म्हणाली.

स्टँडवर मी फुटलो. आईशी मी कधी वर तोंड करून बोललो नव्हतो, पण त्या दिवशी बोललो. "तुला कॉलेज बघायचंच नाही. मला घरात कोंडून घालायचंय तुला."

"व्हय," ती म्हणाली. "कोंडून घालायचंय."

"मग सांग की तसं! कशाला फिरवतीस?"

मामानं मला दटावलं. गाडी लागली, आम्ही बसलो. रस्ताभर ती खिडकीला कपाळ लावून होती आणि पूल आला की डोळे मिटत होती.

आता दोन दिवस उरले होते. मामानं कुणाकुणाला फोन करून एक शेवटचं ठिकाण काढलं. सरकारी नव्हतं, मोठं तर अजिबात नव्हतं. दुष्काळी पट्ट्यात, उघड्या माळावर, कुण्या पुढाऱ्यानं काढलेलं. गाडीतून उतरलो तर सगळीकडं नुसता मुरूम. लांब कुठं एखादी बाभळ. कॉलेज म्हणजे एक दुमजली इमारत आणि मागं पत्र्याचं होस्टेल. दाराशी टँकर उभा होता आणि पोरं बादल्या घेऊन रांगेत होती.

"पाणी?" तिथला शिपाई कसनुसा हसला. "पाण्याचं नाव काढू नका बाई. तीन बोअर मारल्या, फुफाटा निघाला."

आई सगळीकडं फिरली. इमारतीच्या मागं गेली, होस्टेलच्या मागं गेली, ओढा दिसला तिथंवर जाऊन वाकून बघून आली. ओढ्यात दगड होते. मामाचा चेहरा फुलला. "ताई, हे तुझ्यासाठीच बांधलंय बघ कुणीतरी!"

मी एका वर्गात डोकावलो. खिडकीत कुंड्या होत्या, रोपं वाळून त्यांच्या काटक्या झालेल्या. तासाला कुणी नव्हतं. ह्या असल्या ठिकाणी मी चार वर्षं काढायची, आणि शेती शिकायची! पण आईचे गाल बसले होते, त्या सहा महिन्यांत तिनं पोटभर खाल्लेलं मी बघितलं नव्हतं. मी बाहेर आलो आणि म्हणालो, "आई, चालेल मला. इथं राहतो मी."

तिनं मान हलवली. मला वाटलं, झालं. मामा ऑफिसकडं निघालासुद्धा.

होस्टेलच्या पायरीवर एक पोरगा ताटली मातीनं घासत बसला होता. आईनं त्याला विचारलं, "पवाय येतं का रं तुला?"

"न्हाई काकू. हितं कुटं पवायचं?"

"आन हितनं शिकून कुटं जाणार?"

"नोकरी लागंल तिकडं. कोकणात लागली तर कोकणात," तो म्हणाला. "आपल्याला काय, पोटाशी मतलब."

आई त्याच्याकडं बघत राहिली. मग तिथंच पायरीवर त्याच्याशेजारी बसली. ऊन लागलं असेल म्हणून मी माझ्या टोपीनं वारा घालायला लागलो, तर तिनं माझा हात बाजूला केला.

"दिनकर," तिनं हाक मारली. "माघारी चल. हे बी न्हाई."

आता मात्र मामाचा तोल गेला. गरीब गाय माणूस, बहिणीला कधी उलटून बोललेला नाही, पण त्या माळावर तो ओरडला. "तुला पायजे तरी काय, ताई? पाणी हाय म्हणून नको, पाणी न्हाई म्हणून नको! त्या पोराचं वाटोळं करणार हायस का? एक गेलं म्हणून दुसऱ्याला मारणार हायस का?"

मी घाबरलो. असं कुणी तिला म्हणेल असं वाटलंच नव्हतं.

"व्हय रं," आई म्हणाली. अगदी हळू. "एकाला मारलंच हाय मी. तेच सांगतीय."

मामा तिच्या पुढ्यात खाली बसला.

"रणधीरच्या बारशाला गुरुजींनी सांगितलं हुतं, पोराला पाण्याचं भय हाय, पाण्यापासनं जपा. म्हणून मी दोघांनाबी नदीला जाऊ दिलं न्हाई. समदं गाव पवतंय, माझी दोन पोरं काठावर कापडं राखीत बसायची. त्येनं मला न सांगता एकदा तात्यांच्या हिरीवर शिकायला सुरवात केली. सातवीत हुता. मला कुणीतरी येऊन सांगितलं. मी पळत गेले. बघते तर पोरगं पाठीला डबा बांधून पाण्यात, हातपाय मारतंय. हसत हुतं, दिनकर. मला बघून म्हनलं, आई बघ, मी तरंगतोय."

ताटली घासणारा पोरगा हात थांबवून ऐकत होता.

"तात्या म्हनले, शालन, दोन-तीन दिस दम धर, डबा काढतोच ह्याचा. मी कुटली दम धरतीय! दोरी धरली आन खसाखसा वर वडला त्येला. वल्या अंगावर फोक मोडेस्तवर मारला. घरी नेऊन देवापुढं हात ठेवायला लावला, परत पाण्यात उतरणार न्हाई म्हण. म्हनलं लेकरू. आन पाळलं बी."

तिनं पदरानं तोंड पुसलं.

"त्या पोरांनी इचारलं तवा काय सांगणार हुता? नदीकाठचा गडी, आन आईनं शपथ घातलीया म्हणून पवाय येत न्हाई? लाजला असंल. म्हणून बोलला तसं. पाण्याचं भय नव्हतं रं त्येला. मला हुतं. माझं भय त्येला बांधलं मी."

मामानं तिच्या खांद्यावर हात ठेवला, तो तिनं राहू दिला नाही. उभी राहिली, साडीची माती झटकली. "हे पोरगं उद्या कोकणात जाईल, पुण्याला जाईल. मी म्होरं म्होरं पाणी बघत कुटवर फिरू? त्येला रणधीरच्याच कॉलेजात घाल. त्येला आवडतंय ते."

इतके दिवस मी ज्याच्यासाठी तळमळत होतो, ते असं माझ्या ओंजळीत पडलं. पण आनंद झाला म्हणाल तर नाही. कारण आई माझ्याकडं ज्या नजरेनं बघत होती, त्यावरून मला कळलं, हे एवढ्यावर संपणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला घेऊन तात्यांच्या दारात गेली. तात्या गावचे पोहणारे. अर्ध्या गावाला त्यांनी शिकवलेलं. त्या मारानंतर आई त्यांच्याशी बोलत नव्हती. समोरून आले तर वाट बदलायची. तात्या आता थकले होते, ओट्यावर बसून दात घासत होते.

"तात्या, ह्याला शिकवा," आई म्हणाली.

तात्यांनी माझ्याकडं खालपासून वरपर्यंत बघितलं. चूळ भरली. "मोठा झालाय हा. बारकं पोरगं लगेच शिकतं. मोठ्याला भीती आसती."

"म्हणूनशान मी बरोबर आलीया."

तात्यांनी आणखी काही विचारलं नाही. आतून पत्र्याचा डबा आणला, दोरी आणली.

विहिरीत पाणी खोल गेलं होतं. पायऱ्या उतरताना गारवा अंगाला लागला आणि माझे दात वाजायला लागले. तात्यांनी पाठीला डबा आवळला, काखेतून दोरी घेतली, तिचं दुसरं टोक हातात धरून ते वरच्या पायरीवर बसले. "उतर, बाळ. काय होत न्हाई. मी हाय."

मी उतरलो. पाणी छातीला लागलं, आणि मला दादा दिसला. खोटं कशाला सांगू, दिसलाच. काळं प्लॅस्टिक, त्यावरून घसरणारे त्याचे हात. मी किंचाळलो आणि पायरीचा दगड दोन्ही हातांनी गच्च पकडला. तात्यांनी चुचकारलं, रागावलं, हसवायचा प्रयत्न केला. मी दगड सोडेना. नाकातून, डोळ्यांतून पाणी, आणि ओरडतोय काय, तर मला कॉलेज नको, मला कुठंच जायचं नाही, मी शेरडं राखतो.

"आज ऱ्हाऊ दे पोरी," तात्या म्हणाले. "लई भ्यालंय. उद्या बघू."

आई उतरायला लागली. साडीचा काष्टा खोचला होता. एकेक पायरी भिंतीला हात धरून उतरत ती अगदी शेवटच्या पायरीवर आली आणि पाण्यात पाय सोडून बसली. जन्मात ती विहिरीत उतरली नव्हती. तिनं माझा हात हातात घेतला. मला वाटलं, आली माझी माय, आता वर घेणार.

तिनं माझी बोटं दगडावरून सोडवायला सुरवात केली.

"आई, नको! आई, मी मरीन गं!"

"सोड."

"आई!"

ती रडत होती. नाक गळत होतं, तोंड वाकडं झालं होतं, पण हाताला असा जोर होता की मी सतरा वर्षांचा धट्टाकट्टा पोरगा, मला तो हात आवरेना. एका हाताची बोटं सुटली. मग दुसऱ्या. तिनं माझ्या छातीवर पाय ठेवला आणि मला मधल्या पाण्यात लोटून दिलं.

डोक्यावरून पाणी गेलं. कानात नुसता घूं आवाज. मी हातपाय झाडले, डब्यानं मला वर आणलं, परत तोंडात पाणी गेलं, परत वर आलो. वर तात्या घाईनं दोरी गोळा करत होते. आणि आई दोन्ही हात वर करून, सगळ्या विहिरीत घुमेल असं ओरडत होती,

"वडू नका तात्या! पाया पडते तुमच्या, ह्या खेपेला दोरी वडू नका!"